पानीवालं तेल

मोहटोल्याच्या विहिरीवर आता मोटार आहे. बटन दाबलं की पाणी. लाइन असली तर, हे आलंच. २०११ साली खांब आले, तारा आल्या, आणि छोटेलाल रहांगडालेचं इंजिन गुरांच्या कोठ्याच्या कोपऱ्यात सरकलं. तिथं आता कोंबड्या बसतात. तरी गावातल्या चाळिशी ओलांडलेल्या माणसांना पुसाच्या म्हणजे पौषाच्या महिन्यात जाग येते ती त्या आवाजाची वाट बघतच. आधी एकटंच थाड. मग थोडं थांबून पुन्हा थाड. मग थाड-थाड-थाड अशी माळ लागायची आणि बाया म्हणायच्या, "उठा वो, छोटेलालभाऊचं चालू झालं."

छोटेलाल उंच, काटकुळा, मोठ्या कानांचा. डोक्याला दुपट्टा, नखांत काळं तेल. लग्नाच्या पंगतीत बसला की शेजारचा पत्रावळ जरा सरकवून घ्यायचा. "वरनाले डिझेलचा वास येऊन राहिला गा," असं कोणी म्हटलं तर हा म्हणायचा, "मंग चांगलं आहे. पोटातलं मशीन चालन." घरात अर्धी पोवारी, शेताच्या धुऱ्यावर झाडीबोली आणि आमगावच्या बजारात हिंदी, अशा तीन बोल्या त्याला येत होत्या आणि तिन्हींत शिव्या सारख्याच सफाईनं यायच्या. इंजिनाचं दुखणं तो दुरून ओळखायचा. धानाच्या बांधीच्या पलीकडं उभा राहून म्हणायचा, "त्याले खोकला आहे," की खरंच फिल्टरमध्ये कचरा निघायचा. एक मात्र त्याला येत नव्हतं. आपली चूक आहे असं म्हणता येत नव्हतं. चूक नटाची असायची, पट्ट्याची असायची, नाहीतर रामकलीची. रामकली म्हणजे त्याची बायको. ती ऐकून घ्यायची आणि आपलं काम करायची. बोलायची तेव्हा मात्र एका वाक्यात बोलायची, आणि ते वाक्य गावात आठ दिवस फिरायचं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच साली हे इंजिन गावात आलं. जुन्या माणसांना विचारा, ते आधी इंजिनाचं सांगतील, मग जिल्ह्याचं. कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर ते दिवे लावायच्या कामाला होतं. ढाबेवाल्यानं नवं घेतलं आणि हे पाच हॉर्सपॉवरचं धूड छोटेलालनं बंडीत घातलं. दोन दिवस लागले आणायला. बैल थकले की हा उतरून चालायचा, पण इंजिनावरची ताडपत्री दर कोसाला सरळ करायचा. देवरीत मुक्कामाला लोकांनी विचारलं, "का आनून राहिला गा, नवरी?" तो म्हणाला, "नवरीच म्हना. फक्त ही रुसली त हँडल मारून उठवता येते."

पहिली तीन वर्षं इंजिनाला पुसातल्या सकाळी कधी उठावंच लागलं नाही, हे ध्यानात घ्या. कार्तिकात भारी धानाला एखादं पाणी कमी पडलं तर, आणि पुढं दुपारच्या उन्हात वांगी-मिरचीला. इंजिन ऊन खाऊन गरम झालेलं असायचं, तीन फेऱ्यांत लागायचं. त्यात वंगणाचं तेल घालायचं ते चाळीस नंबरचं, आणि ते पारखायची छोटेलालची एक रीत होती. अंगठा आणि बोट यांत थेंब धरायचा आणि हळू उघडायचा. गुळाच्या पाकासारखी तार निघाली पाहिजे. "दूध असो, तेल असो, नाईतं मानूस असो," तो म्हणायचा, "पातर म्हंजे बेइमान."

चौथ्या साली भाऊबीजेला रामकली माहेरी गेली. माहेर आमगावच्या बाजूला, काळी जमीन, विजेची मोटार, वर्षात दोन धानं. भाऊ हुकुमचंद तिच्याहून मोठा. ओवाळून झाल्यावर त्यानं लुगडं पुढं केलं. रामकलीनं ते मागं सारलं.

"लुगडं नोको दादा. बिजाई दे. उन्हारी धानाची."

हुकुमचंद हसायला लागला. "कायले वो बाई? तुमच्या त्या जंगलातल्या थंडीत पऱ्हे वाचतीन का?"

"वाचतीन नाई त का. विहीर आहे, इंजिन आहे."

"आन इंजिनवाला?"

"तोही आहे. पन आता बिजाईचं बोल."

उन्हाळी धानाचं मोजून दोन पायल्या बियाणं घेऊन ती आली. घरी येऊन छोटेलालला म्हणाली, "म्या दादाले सांगून आली. मोहटोल्यात उन्हारी धान करून दाखवीन म्हनून. ही एवढीच बिजाई आहे. आता तुमी आन तुमचं इंजिन पाहा." छोटेलालनं मिशीवरून हात फिरवला. त्याला त्यात कठीण असं काहीच दिसलं नाही.

पऱ्हे म्हणजे धानाचं रोप, रोवणीच्या आधी वाफ्यात वाढवतात ते. पावसाळ्यातले पऱ्हे आपसूक वाढतात, त्यांच्याकडं कोणी ढुंकूनही पाहत नाही. पुसात टाकलेले पऱ्हे मात्र तान्ह्या लेकरासारखे. रात्री थंडी पडली की वाफ्यातलं पाणी बर्फासारखं होतं आणि मुळ्या गारठतात. म्हणून सकाळी उजाडता उजाडता ते पाणी काढून द्यायचं आणि विहिरीचं ताजं पाणी सोडायचं. पुसात विहिरीचं पाणी कोमट असतं, नाळीतून जाताना वाफा निघतात. त्या उबेवर पऱ्हे जगतात. म्हणजे हिशेब असा की जितकी थंडी जास्त, तितकं इंजिन सकाळी लागलंच पाहिजे.

त्यासाठीच छोटेलाल नवं तेल आणायला आमगावला गेला. सोबत श्यामलाल होता. श्यामलाल त्याचा शेजारी आणि जोडीदार, दहावीला इंग्रजीत तीनदा बसलेला, म्हणून गावात इंग्रजी वाचायचं काम त्याच्याकडं. दुकानातल्या सेठनं एक नवाच डबा पुढं केला. त्यावर लिहिलेलं: पंधरा, मग एक इंग्रजी अक्षर, मग चाळीस.

"हे मधात का आहे गा?" छोटेलालनं विचारलं.

श्यामलालनं डबा डोळ्यांजवळ नेला. "डब्ल्यू."

"म्हंजे?"

"डब्ल्यू म्हंजे वॉटर. पुस्तकात चित्र राहते न, नळाचं."

छोटेलालनं डब्याचं झाकण उघडायला लावलं. थेंब बोटात धरला. तार निघाली नाही, नुसताच ओघळ. त्यानं सेठकडं असं पाहिलं, जसं पाणी घातलेलं दूध आणणाऱ्याकडं रामकली पाहते.

"सेठ, चाळीस में पंधरा पानी? अरे, हमारे गाँव का दूधवाला भी इतना नहीं डालता!"

"क्या बोल रहे हो भैया? ये ठंड का तेल है. ठंड में भी चलता है."

"ठंडा तो होगाच! पानी है तो ठंडा नहीं होगा?"

दुकानातले दोन गिऱ्हाईक हसले. सेठही थकला. छोटेलालनं मग आपलं डोकं लावलं. थंडी आली की माणूस काय करतो? जाड कांबळं घेतो. बैलावर जाड बोरा टाकतो. मग इंजिनाला पातळ तेल कसं चालेल? "सेठ," तो म्हणाला, "चालीस भी रहने दो. उससे गाढ़ा क्या है?"

"पचास नंबर है. पर वो तो गर्मी में..."

"पचास दो."

गावी येऊन त्यानं ते पचास नंबर इंजिनात ओतलं, आणि ओतताना रामकलीला दाखवलं. "पाह्य. मधासारखं आहे. आता येऊ दे थंडी."

थंडी आली. मोहटोल्याच्या तिन्ही बाजूंनी जंगल, वरून नाल्याची खोलगट जागा, तिथं थंडी येते ती राहायलाच येते. गवतावर पांढरं दिसायला लागलं. सकाळी गाईच्या नाकातून धूर. पऱ्ह्यांचे सहा वाफे टाकलेले, बोटभर उगवलेले, पोपटी. पहिल्या कडक सकाळी छोटेलाल आणि श्यामलाल विहिरीवर गेले.

हे इंजिन लावायची रीत अशी. वरची एक कडी उचलून आतलं प्रेशर मोकळं करायचं, हँडल घालून चाक फिरवायचं, फिरवत वेग धरायचा, आणि चाक जोरात आलं की कडी सोडायची. वेग असला तरच आतली हवा दाबून तापते आणि डिझेल पेटतं. वेग नाही तर काही नाही. छोटेलालनं हँडल घातलं, जोर लावला. चाक फिरलं, पण कसं? कुंभाराच्या मातीत हात घालून फिरवावं तसं. एक फेरा. दुसरा फेरा. कडी सोडली तर "फुस्स" करून चाक जागीच उभं.

"दोघं मिरून मारू," श्यामलाल म्हणाला.

दोघांनी मिळून मारलं. हँडल उलटं आलं आणि श्यामलालच्या कोपराला असं लागलं की तो विहिरीच्या काठावर बसून आईला हाका मारू लागला. दहा वाजता ऊन इंजिनावर आलं तेव्हा ते एकदाचं लागलं. पण दहा वाजता पाणी देऊन काय करता? थंडी आपलं काम करून गेलेली. वाफ्याच्या कडेची पानं टोकाला पिवळी झाली.

दुसऱ्या दिवशी छोटेलालनं संध्याकाळीच इंजिनावर घरची गोधडी टाकली, वरून दोन बोरे, दोरीनं बांधले. सकाळी सोडलं तर आत तसंच गार. रामकली बादलीनं पाणी शेंदत होती. तिनं दोरी ओढता ओढता विचारलं, "मुर्द्याले गोधडी पांघरली त तो गरम होते का?"

"तू तुहं पाह्य."

"माहंच त पाहून राहिली. मरून राहिले ते माहेच पऱ्हे आहेत."

ती एकटीच्या हातानं विहिरीतून बादल्या काढून दोन वाफ्यांना पाणी देत होती. दोनच. सहाला पुरणं तिच्या हाताच्या बाहेरचं होतं, आणि तिला ते माहीत होतं. तिनं कोणते दोन निवडले ते छोटेलालनं पाहिलं. विहिरीजवळचे. बाकी चार तिनं सोडून दिले होते. पण तो म्हणाला एवढंच, "मशीनमंधी कचरा असन."

त्यानं फिल्टर काढला, धुतला. डिझेलची नळी फुंकली. नॉझल काढून पुसलं. सगळं स्वच्छ. तिसऱ्या सकाळी त्यानं शेवटचा उपाय केला. इंजिनाखाली धानाचं तणस पेटवलं. जाळ वर आला, इंजिन गरम झालं की नाही कोण जाणे, पण डिझेलची नळी वितळली आणि डिझेल जाळावर टपकलं. श्यामलालनं दुखऱ्या कोपरानं बादली उचलून ओतली म्हणून पुढचं टळलं. नवीन नळी आणायला चिचगडला जावं लागलं, आणि तो दिवस गेला. संध्याकाळी चार वाफ्यांची टोकं पांढरी होती. पिवळं परत हिरवं होतं. पांढरं होत नाही.

त्या रात्री दोघं जेवायला बसले. रामकलीनं म्हटलं, "दादाले का सांगू?" आणि उत्तराची वाट न बघता ताट उचललं.

चौथी सकाळ. रामकली चूल पेटवून बसली होती. पायाच्या टाचा फुटलेल्या, त्यांना लावायला तिनं टोरीच्या तेलाची बाटली घेतली. टोरी म्हणजे मोहाचं फळ, त्याच्या बियांचं तेल. आपल्याकडं त्यातच तळण, तेच अंगाला. थंडीत ते तुपासारखं पांढरं थिजतं, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तिनं बाटली उलटी केली, काही पडलं नाही. तिनं ती चुलीजवळ ठेवली. जरा वेळानं हलवली, तेल खळखळ वाजलं. छोटेलाल दाराशी दुपट्टा गुंडाळत होता, पुन्हा विहिरीवर निघायला. तिनं त्याला हाक मारली.

"आइका जी. तुमचं इंजिन बिघडलं नाई."

"मंग?"

"त्याचं तेल थिजलं."

छोटेलाल थांबला. "ते का टोरीचं तेल आहे का थिजाले? ते कंपनीचं आहे."

"कंपनी का उन्हाऱ्यात राहते का सदानकदा? आना ते तेल. चुलीवर ठेवतो."

"येडी झाली का? तापवलं त पातर होईन. पातर झालं त त्यातली ताकद जाईन."

"टोरीचं तेल पातर झालं त त्यात वडे तरत नाई का?" रामकली उठली. "तुमाले नाई आनाचं त म्या आनतो. पन मले तो नट खोलता येत नाई. तेवढा खोलून द्या."

तो पाना घेऊन गेला. विहिरीवर जाऊन त्यानं इंजिनाच्या पोटाखालचा नट सोडला, खाली घरातला अल्युमिनियमचा गंज, म्हणजे पातेलं, धरला. तेल पडायला लागलं. पडायला म्हणजे, आधी काही आलंच नाही. मग काळी दोरी लोंबावी तसं एक लोंबलं आणि सावकाश गंजात गोल गोल बसलं, घडी घालावी तसं. छोटेलाल उकिडवा बसून बघत राहिला. नांगराचा फाळ त्या तेलात उभा केला असता तर उभा राहिला असता. एवढं घट्ट त्यातून चाक फिरणार कसं? त्याच्या मनात पहिल्यांदा तो प्रश्न आला, आणि त्यानं तो लगेच मागं सारला, कारण त्याच्या मागे दुसरा उभा होता. ते तेल मागितलं कोणी?

रामकलीनं गंज चुलीवर ठेवला. घरभर वास. "धूर नाई निघू द्याचा," ती स्वतःशीच म्हणाली, जसं तळण तापवताना म्हणायची. मधेमधे बोट बुडवून बघत होती. बोट घालता आलं पाहिजे पण ठेवता येऊ नये, तितकं झालं की तिनं गंज उतरवला, पदरानं धरला, आणि दोघं धुऱ्यावरून निघाले. ती पुढं, तो मागं, श्यामलाल एका हातानं झाकण धरून बाजूला. समोरून येणाऱ्या बाईनं विचारलं, "का घेऊन चालल्या वो, इतक्या सकारी?" रामकली म्हणाली, "इंजिनाचा कढा."

गरम तेल ओतलं. छोटेलालनं कडी उचलली, हँडल घातलं. चाक असं फिरलं की त्याचा हातच पुढं गेला. दोन फेरे, तीन फेरे, कडी सोडली. थाड. थाड... थाड. थाड-थाड-थाड.

नाळीतून पाणी आलं, वाफा निघणारं. रामकलीनं फावडं घेतलं आणि आधी ते चार वाफे उघडले.

चारपैकी दोन जगले. एक अर्धा. एक गेला तो गेलाच, आठ दिवसांत चिखल झाला. पण तिचे विहिरीजवळचे दोन धरून साडेचार वाफे उभे राहिले. मग उरलेला पूस आणि माघाचे पंधरा दिवस हेच चाललं. संध्याकाळी इंजिन बंद केलं की तेल काढायचं, घरी आणायचं, सकाळी तापवायचं, नेऊन ओतायचं. चुलीवर आधी इंजिनाचं, मग माणसांच्या चहाचं. सणाला भात शिजवायचा तो गंज कायमचा इंजिनाचा झाला. रामकलीनं त्याचे बोल ऐकवले ते वेगळे. पण पहाटे ती गंज घेऊन पुढं आणि छोटेलाल मागं, असं ते चालणं गावाला इतकं सवयीचं झालं की एखाद्या दिवशी ढग असले, थंडी कमी असली आणि गंज निघाला नाही, तर माणसं विचारायची, "का गा, भांडन झालं का?" दोघांनी एकत्र एखाद्या कामाला रोज निघावं असं त्यांच्या लग्नात त्याआधी फारसं घडलं नव्हतं. नंतरही फारसं नाही.

त्या संध्याकाळच्या तेल काढण्यातच छोटेलालला ते दिसलं. दिवसभर चाललेल्या इंजिनाचं तेल नट सोडला की सळकन पडायचं, पाण्यासारखं. बोटात धरलं तर तार नाही. एका संध्याकाळी तो तसाच बोटाकडं पाहत बसला. म्हणजे दिवसभर इंजिन चालतं ते या पातळ तेलावरच. आणि मजेत चालतं. सकाळी जाड असतं ते तेलाचं बळ नव्हे, ती त्याची थंडी. आपण बोटात धरून पारखत होतो ते दुकानातलं गार तेल. आणि त्याला आठवला तो डबा.

माघात तो एकटाच आमगावला गेला. श्यामलालला नेलं नाही. दुकानात शिरला, जरा वेळ पट्टे बघितले, जरा वेळ बेअरिंग. शेवटी म्हणाला, "सेठ, वो पानीवाला तेल है क्या?"

सेठनं ओळखलं. पण तो भला माणूस, हसला नाही. डबा काढून समोर ठेवला आणि त्या अक्षरावर बोट ठेवलं. "भैया, ये डब्ल्यू माने विंटर. ठंड. ठंड में ये पंधरा जैसा पतला रहता है, और इंजिन गरम हो गया तो चालीस जैसा काम देता है. जमता भी नहीं, बहता भी नहीं."

"एकच तेल?"

"एकच तेल."

छोटेलालनं डबा उलटसुलट केला. "तो ठंड लिखना था न. डब्ल्यू कायको लिखते?"

गावी येऊन त्यानं श्यामलालला सांगितलं, "मास्तरानं तुले तीनदा नापास केलं ना, बरोबर केलं." पचास नंबरचं काय, हे श्यामलालनं विचारलं तर म्हणाला, "ते उन्हाऱ्यासाठी आनलं होतं." पण नाव पडायचं ते पडलं. मोहटोल्यात आणि आसपासच्या दोन-चार टोल्यांत त्या तेलाला अजून पानीवालं तेलच म्हणतात. आमगावच्या सेठलाही ते कळतं.

माघ संपता संपता रोवणी निघाली. साडेचार वाफ्यांचे पऱ्हे खणून पेंढ्या बांधल्या. बांधीत चिखल करून पाणी उभं होतं, सहा बाया रोवायला, रामकली त्यांच्यात. छोटेलाल धुऱ्यावरून पेंढ्या फेकत होता. तेव्हा पायवाटेनं हुकुमचंद येताना दिसला. धुतलेलं धोतर, काखेत पिशवी. रामकलीनं कमरेत वाकूनच त्याला पाहिलं, पण ती उठली नाही.

हुकुमचंद धुऱ्यावर येऊन उभा राहिला. बांधीकडं पाहिलं, पेंढ्यांकडं पाहिलं. बराच वेळ. "झालं म्हनाचं," तो म्हणाला. "जंगलातही झालं."

"झालं," छोटेलाल म्हणाला. "तुमचं का म्हनते?"

हुकुमचंदनं धोतराचा सोगा झटकला, त्यावर काही नव्हतं तरी. "आमचे सगरे पऱ्हे गेले, भाऊजी. लाइन सकारी राहेच नाई. यायची दुपारी. मोटार का करन?" मग आवाज उतरवून म्हणाला, "उरतीन का काही? दहा-वीस पेंढ्या तरी. बिजाई तीच आहे."

छोटेलालच्या तोंडावर एक उत्तर आलं होतं. चांगलं, टोकदार, जन्मभर पुरेल असं. थंडीचं आणि जंगलाचं आणि काळ्या जमिनीचं. साळ्याला असं बोलायची संधी माणसाला किती वेळा येते? त्यानं हातातली पेंढी एकदा उलटी केली, मुळ्यांचं पाणी झटकलं.

"मले नका विचारू," तो म्हणाला. "पऱ्हे तिचे आहेत. म्या त मारूनच राहिलो होतो, तिनं वाचवले. तिलेच विचारा."

बांधीतल्या बायांचे हात थांबले. छोटेलालच्या तोंडून असं वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. रामकलीनंही ऐकलं नव्हतं. ती सरळ उभी राहिली, हातात चिखल, कपाळावर चिखल. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग भावाकडं.

"पयले माही बांधी भरन दादा," ती म्हणाली. "मंग उरलं त नेजो. नाई उरलं त नाई."

"बाई, मले बस..."

"बस संध्याकारी आहे."

हुकुमचंदनं छोटेलालकडं पाहिलं. छोटेलालनं आभाळाकडं पाहिलं. मग हुकुमचंदनं पिशवी बोराच्या झाडाला टांगली, धोतर मांडीपर्यंत खोचलं आणि बायांच्या ओळीत शेवटी जाऊन वाकला. हात सवयीचा होता, भराभर चालला. बांधी लवकर भरेल तितकं बरं. पण जरा वेळानं छोटेलालच्या लक्षात आलं की साळा भराभर रोवतोच आहे, पण त्याची पेंढी काही संपत नाही. दोन रोपांत हातभर जागा. त्याच्या ओळीतून बैल चालत गेला असता.

रामकलीनं मान वळवली.

"दादा, रोवना लावून राहिला का खुंटे गाडून राहिला?"

बाया हसत चिखलात बसल्या. हुकुमचंद मागं वळला आणि आपल्याच ओळीत रिकाम्या जागा भरत परत आला.

संध्याकाळच्या बसला तो अकरा पेंढ्या घेऊन चढला.